भिक्षा आणि आहेराची वही

अमरावती-अकोल्याकडील लग्नघरी आहेराची वही ठेवतात. कोणी किती रुपये दिले, कोणी लुगडे नेसविले, हे तीत लिहिले जाते आणि त्यांच्या घरच्या कार्यात तितका, जमल्यास थोडा अधिक आहेर परत फिरतो. ही परतफेड निंद्य नव्हे. वासनिकांचा संसार तिच्यावरच चालतो. प्रश्न साधकाचा आहे. त्याच्यापाशी परत करावयास आहे काय?

श्रीचक्रधरस्वामींनी साधकास अटन व भिक्षाभोजन विहिले, त्याचा विचार या अंगानेही करावा. अनेक घरांचे अन्न एका झोळीत पडले की कोणते कोणाचे हे उरत नाही. अपरिचित गावी तर उपकाराची वही उघडतच नाही. उलट एकाच प्रेमळ घरी नित्य जाणे झाले म्हणजे त्या घरचा शब्द मोडवत नाही, त्यांचा दोष सांगवत नाही. दात्याच्याही मनात 'आमचे बाबा' हा भाव शिरतो. अन्न जिरते, संकोच राहतो. रिद्धपुरी वर्षानुवर्षे येणाऱ्यांस ही अडचण विशेष. तेथे अपरिचित कोण उरला?

वऱ्हाडातच जन्मलेल्या गाडगे महाराजांची (१८७६–१९५६) रीत निराळी. ते आधी गाव झाडीत, मग भाकर घेत. ऋण होण्यापूर्वीच ते फेडले. साधकाने मात्र असे मोल देऊ केले तर ती भिक्षा न राहता मजुरी होईल. तथापि देणाऱ्याचा हक्क आपल्यावर बसू नये, ही दक्षता दोहींकडे एकच.

'पुढल्या खेपेसही आमच्याच घरी या,' असे एखादी माउली म्हणते. तिचा भाव खरा असतो. साधकाने तिला दंडवत करावा, परंतु होकार देऊ नये.