अहवाल निगेटिव्ह आला, आता बाळाचे काय?



एचआयव्ही असलेल्या आईचे बाळ निगेटिव्ह निघाले की आपण देवाचे आभार मानतो, आणि ते योग्यच आहे. उपचार नसतील तर अशा मातांच्या दर १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईने एआरटीच्या गोळ्या नियमित घेतल्या आणि जन्मल्यावर बाळालाही औषध मिळाले, तर हे प्रमाण ५ च्या खाली येते. पण आभार मानून झाले की त्या बाळाचा आपल्याला विसर पडतो. आजचा पाठ त्याच बाळाविषयी आहे.

अहवाल पक्का कधी?

आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाच्या अंगात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे लहान बाळाची नेहमीची तपासणी फसवी ठरते. म्हणून सहाव्या आठवड्यात वेगळी तपासणी करतात, पुढेही ठरलेल्या वेळी करतात आणि १८व्या महिन्यात शेवटची करतात. तेव्हाही बाळ अंगावर पीत असेल, तर दूध तुटल्यावर तीन महिन्यांनी खात्री करावी लागते. पहिल्याच कागदावर समाधान मानून दवाखाना सोडू नये.

लागण नाही, तरी नाजूक का?

लागण न झालेली ही बाळे इतर बाळांपेक्षा जास्त आजारी पडतात, त्यांची वाढ मागे पडू शकते आणि त्यांच्यातील मृत्यूही अधिक असतात, असे आफ्रिकेतील अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. कारणे एकात एक गुंतलेली आहेत. आईकडून मिळणारे संरक्षण कमी पडते. काही बाळे दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाची जन्मतात. घरात क्षयरोग असू शकतो. आई आजारी पडली की मजुरी बुडते आणि चूल थंडावते. आणि पुष्कळदा भीतीपोटी बाळाचे अंगावरचे दूध तोडले जाते.

बोत्सवानाचा धडा

आफ्रिकेतील बोत्सवाना देशात लागण टाळावी म्हणून सरकार एचआयव्ही असलेल्या मातांना बाळासाठी डब्याची भुकटी मोफत देत असे. हेतू चांगलाच होता. २००६ च्या सुरुवातीला तिथे अतिवृष्टी झाली, पाणी दूषित झाले आणि जुलाबाची साथ आली. ५०० हून अधिक बालके दगावली. चौकशीत आढळले की दवाखान्यात आलेली बहुतेक बाळे अंगावर पीत नव्हती, आणि त्यांतील बहुतेकांना एचआयव्ही नव्हताच. एका विषाणूपासून वाचवलेली लेकरे पाण्यातल्या जंतूंनी नेली.

आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: आईची एआरटी चालू असेल, तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीही नाही. त्यानंतर वरच्या अन्नासोबत किमान वर्षभर अंगावर पाजावे. आईने गोळी चुकवू नये, हीच बाळाची ढाल.

मदत कोणती करावी?

“ताई, त्या बाळांसाठी दुधाच्या भुकटीचे डबे पाठवू का?” असे मला अनेकदा विचारले जाते. त्यामागचे प्रेम मी ओळखते, तरी माझे उत्तर ‘नको’ असते. पावसाळ्यात जिथे ओढ्याचे गढूळ पाणी भरावे लागते, बाटली उकळायला सरपण नसते, तिथे तो डबा घातक ठरू शकतो. शिवाय १९९२ च्या कायद्यानुसार अनाथाश्रम सोडून इतरांना असे डबे दान देण्यास मनाई आहे. आईचे दूध मिळणे शक्यच नसेल, तर निर्णय डॉक्टरांनी घ्यावा.

त्याऐवजी एआरटी केंद्राला जाण्यायेण्याचे एसटीभाडे द्या. नाचणी, डाळ, शेंगदाणे, अंडी द्या. आई सशक्त तर बाळ सशक्त. लस वेळेवर टोचली का, वजन दर महिन्याला होते का, घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का, हे विचारा. बाळाचे औषध डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद करू नये.

आणखी एक गोष्ट. मदत पाड्यातील सर्वच बाळंतिणींना द्या. एकाच दारात पिशवी गेली की कुजबुज सुरू होते, आणि कुजबुजीच्या भीतीने आई केंद्रात जाणे सोडते. आईचा आजार कोणाला सांगू नका. प्रार्थनेतही तिचे नाव मोठ्याने घेऊ नका.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीत एखादी आई न घाबरता मदत मागू शकेल का?
२. आपली कोणती मदत देणाऱ्याला समाधान देते, पण घेणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही?
३. येत्या तीन महिन्यांत किती मातांच्या प्रवासखर्चाची जबाबदारी आपला गट उचलू शकेल?