घरातील उजेड : चित्रवाचनाचा एक पाठ

पुस्तकाप्रमाणे चित्रही वाचता येते. या पाठात आपण दोन चित्रे वाचू.

पहिले हॉलंडमधील. डेल्फ्ट नगरीचा चित्रकार योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) याने 'दूध ओतणारी' हे चित्र १६५८–६० च्या सुमारास रंगविले. आज ते अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड, मेजावरील पाव आणि मातीच्या भांड्यात संथपणे दूध ओतणारी मोलकरीण, एवढाच विषय. मात्र तिच्या मागे जमिनीवर पाय शेकण्याची पेटी आहे आणि भिंतीच्या पायथ्याच्या फरशीवर कामदेव चितारलेला आहे. या वस्तूंत प्रेमभावनेची सूचना आहे, असे अभ्यासक मानतात. वस्तूतून अर्थ सुचतो ते प्रतीक. उजेड, रंग आणि शांतता मिळून मनात जे दाटते तो भाव. त्या स्त्रीचे सारे चित्त दुधाच्या धारेवर आहे, आणि पाहता पाहता आपलेही तेथेच स्थिरावते.

दुसरे चित्र आपल्या मराठी चित्रकाराचे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. आपल्या कन्येस समोर उभे करून त्यांनी ते रंगविले. तिच्या एका हातात दिवा आहे. दुसऱ्या हाताने तिने ज्योत झाकली आहे आणि बोटांच्या फटींतून तांबूस प्रकाश झिरपतो आहे. ज्योत जपणारा हात हेच येथे आशेचे प्रतीक. अनेकांना हे चित्र राजा रविवर्म्याचे वाटते. चित्र सर्वदूर पोहोचले. चित्रकाराचे नाव वाटेत हरवले.

व्हर्मीरचे चित्र वर्गात दाखविले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, या बाईला पगार किती मिळत असेल?" आम्हांस उत्तर देता आले नाही. ज्याची आई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचते, त्यालाच हा प्रश्न प्रथम सुचावा, हे स्वाभाविक होते. त्या मोलकरणीचे नावही चित्रात कोठे नाही. तरीही एका कलावंताने तिच्या श्रमाकडे राणीच्या चित्राइतक्याच आदराने पाहिले, हे आपण त्याच्याकडून शिकावे.

स्वाध्याय : सुटीत गावी गेल्यावर कामात गढलेल्या आईचे चित्र काढा. उजेड कोठून येतो, भोवती कोणत्या वस्तू आहेत, तिची नजर कोठे आहे, हे आधी नीट पाहा. चित्राखाली तिचे पूर्ण नाव लिहिण्यास विसरू नका.