शब्दांचे वजन
लेखात शब्द सापडणे निराळे आणि हवा तो लेख सापडणे निराळे. पहिले काम संगणक निमिषात करतो. दुसऱ्यासाठी त्याला शब्दांचे वजन शिकवावे लागते. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली दाखविले की, जो शब्द थोड्या लेखांत येतो तो शोधात अधिक मोलाचा. समजा, १००० लेखांपैकी ‘पाणी’ ५०० लेखांत व ‘रहाट’ १० लेखांत आहे. भागाकार अनुक्रमे २ व १००. त्यांचे दशमान लॉगॅरिथम सुमारे ०.३ व २. म्हणजे ‘रहाट’ साडेसहापट वजनदार. पुढे १९९४ च्या सुमारास लंडनमध्ये स्टीफन रॉबर्टसन प्रभृतींनी सिद्ध केलेल्या ‘बीएम २५’ सूत्राने पुनरुक्तीला व लेखाच्या लांबीलाही लगाम घातला.

आपली अडचण मात्र व्याकरणाची आहे. ‘पाण्याला’मधील ‘ला’ छाटला, तर ‘पाण्या’ हे सामान्यरूप उरते; ‘पाणी’ नव्हे. ते ओळखता न आल्यास लेख असूनही नसल्यासारखाच! म्हणून मला वाटते, मराठीतील शोध सुधारण्याचे काम एकट्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे नाही. भाषेच्या विद्यार्थ्यांनीही त्यात हात घातला पाहिजे.