खोगिरातली अंडी

माशाने एखादा किडा गिळला की त्या किड्याची गोष्ट तिथेच संपली, असा आपला समज असतो. गोड्या पाण्यातील डाफ्निया या जीवाच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. हा कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, जेमतेम काही मिलिमीटरांचा प्राणी. उड्या मारत पोहतो म्हणून त्याला पाणपिसू म्हणतात.

अन्न मुबलक असते तोवर मादी नराशिवायच पिले देते. ही साधी अंडी नाजूक असतात. माशाच्या पोटात ती आईबरोबरच पचून जातात. पण दिवस लहान झाले, गर्दी वाढली, अन्न तुटले की नर जन्माला येतात आणि मादी वेगळी अंडी घालते, बहुधा दोनच. त्यांच्याभोवती तिच्या पाठीच्या कवचाचाच जाड, काळसर डबा तयार होतो. त्याला एफिपियम म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ घोड्याचे खोगीर. (आपण निरुपयोगी भरण्याला खोगीरभरती म्हणतो, इथे मात्र खोगिरातच सारे भांडवल!) आतला गर्भ वाढ थांबवून पडून राहतो. चिखल वाळो की पाणी गोठो, तो टिकतो.

मौज पुढेच आहे. काळ्या खोगिरामुळे मादी माशाला चटकन दिसते. मासे अशा माद्या निवडून खातात, पण खोगिरातली अंडी पचनाला दाद देत नाहीत, हे मेलर्स यांनी १९७५ साली दाखवले. आई पचते, अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. यात मातेचा त्याग वगैरे पाहू नये. तिला बिचारीला काय ठाऊक? मात्र माशांच्या वावराची चाहूल लागली तरी डाफ्निया अशी अंडी घालू लागते, असे श्लुसार्चिक यांना १९९५ मध्ये आढळले. बदकांच्या पोटातून गेलेली कवचधारी जलचरांची अंडी जिवंत राहतात, हे प्रॉक्टर यांनी १९६४ मध्येच सांगितले होते. अर्थात सगळीच वाचत नाहीत. काही भरडली जातात.

आमच्या वस्तीवर शेततळे खणले, तेव्हा त्यात कोणी काही सोडले नव्हते. तरी पुढच्या पावसाळ्यात पाणी वळवळू लागले. "पाणी आलं की जीव येतोच," वडील म्हणाले. ते शाळेत गेलेले नाहीत. जीव येण्याची एक वाट पाखरांच्या पोटातून जाते, हे मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "मग मत्स्यबीज सोडलं तर हे संपतील का?"

पाण्यातले संपतीलही, गाळातले नाही. युरोपातील कॉन्स्टन्स सरोवराच्या गाळातून काढलेल्या, कित्येक वर्षांपूर्वीच्या अंड्यांतून डाफ्निया जन्मल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले आहे.