न दिसणारा दाह आणि सोहारची नोकरी



ओमानच्या बातिना किनाऱ्यावरील सोहार हे शहर एके काळी तांब्याच्या व्यापाराने ओळखले जाई. आज तेथे मोठे बंदर आहे, पोलादाचे व ॲल्युमिनियमचे कारखाने आहेत, आणि आपल्या महाराष्ट्रातील माणसेही तेथे पोटापाण्यासाठी राहतात. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हा पाठ लिहीत आहोत.

पायात काटा मोडला की जागा लाल होते, तापते, सुजते व ठणकते. दाहाची ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने सुमारे २००० वर्षांपूर्वी नोंदविली. हा दाह आपला मित्रच होय. रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतूंचा नाश करतात आणि काम झाले की माघारी जातात. पण कधी कधी शत्रू नसतानाही पहारा उठत नाही. पोटातील चरबीत या पेशी ठाण मांडून बसतात. त्यांच्या स्रावांमुळे इन्शुलिनचे काम अडते आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. दुखत काहीच नाही, म्हणून वर्षानुवर्षे कळतही नाही. पुढे मधुमेह किंवा हृदयविकार समोर उभा राहतो.

"आम्ही तर सडपातळ!" असे कोणी म्हणेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात आले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, निर्देशांक २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! आपल्या लोकांची चरबी अशी पोटात लपते. तेव्हा काट्यावर भरवसा ठेवू नये, कमरेला फीत लावून पाहावी.

२०१७ साली एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांवर तो झाला होता. कोलेस्टेरॉल न घटविता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने पुढचे झटके व तत्सम घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. मात्र त्याच औषधाने प्राणघातक संसर्ग वाढले. पहारा पुरता उठविला की चोर शिरणारच.

आता सोहारकरांसाठी दोन गोष्टी. परवान्यासाठी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचा भर क्षय, कावीळ अशा संसर्गजन्य रोगांवर असतो. 'फिट' असा शिक्का मिळाला म्हणजे साखर व रक्तदाब ठीक आहेत, असे नव्हे. त्या तपासण्या निराळ्या करून घ्याव्यात. पुष्कळ लोक "सुट्टीत गावी गेल्यावर पाहू" म्हणतात आणि सुट्टी लग्नकार्यातच संपते.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक काळजीची वाटते. जून ते ऑगस्टमध्ये दुपारी साडेबारा ते साडेतीन उन्हात काम करविण्यास ओमानमध्ये मनाई आहे. परंतु सकाळीही घामाच्या धारा लागतात. त्यात गुडघा दुखतो म्हणून रोज डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन घेतले जाते. या गोळ्या दाह शमवितात खऱ्या, पण अंगातील पाणी आटलेले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवितात. मधुमेह असेल तर धोका अधिक समजावा. अशांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ती गोळी घेऊ नये. आणि वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिन तपासून घ्यावे. मूत्रपिंड निम्म्याहून अधिक निकामी होईतो बहुधा तक्रार करीत नाही.