व्याजाचा पगार

२००० सालच्या एप्रिलपासून आमच्या घरात पगाराऐवजी व्याज यायला लागलं. माझे यजमान ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत होते. त्या वर्षांत वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कितीतरी कंपन्या गाशा गुंडाळत होत्या. ह्यांच्या कंपनीत व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आली तेव्हा घ्यायची की नाही, हा प्रश्न नावापुरताच होता. फंड, ग्रॅच्युइटी आणि कंपनीने दिलेली रक्कम धरून १४ लाख हातात आले. हे तेव्हा पन्नाशीचे होते.

त्या वेळी मुदत ठेवीवर साडेदहा-अकरा टक्के व्याज मिळायचं. महिन्याला साडेबारा हजार यायला लागले. शेवटचा पगार होता साडेअकरा हजार. सकाळची ७.२२ ची लोकल पकडायची दगदग नाही, पाळ्या नाहीत आणि पैसे पगारापेक्षा जास्त! मी डोंबिवलीच्या एका अनुदानित शाळेत शिक्षिका होते. माझा पगार घराच्या हप्त्यात जायचा, तरी घरखर्च आठ-नऊ हजारांत भागत होता. आयुष्यात पहिल्यांदाच आपण श्रीमंत आहोत असं वाटलं. नातेवाइकांनाही तसंच वाटलं आणि ते बोलून दाखवायचे.

तीन वर्षांच्या पावत्या २००३ मध्ये पिकल्या, तोवर काळ बदलला होता. पीपीएफवर १९८६ पासून १२ टक्के मिळत होते, ते २००० पासून उतरत उतरत मार्च २००३ मध्ये ८ वर आले. बँकांचे दर त्याहून खाली गेले. त्याच १४ लाखांवर नव्या पावत्या सहा टक्क्यांच्या आसपास झाल्या. महिन्याचे साडेबारा हजार सातवर आले. मुद्दल शाबूत होतं, एक रुपयाही कुठे बुडाला नव्हता, आणि तरी उत्पन्न जवळजवळ निम्मं झालं. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. एक पावती मोडली. पुढच्या वर्षी दुसरी मोडली. पावती मोडली की तिचं व्याजही थांबतं, म्हणून पुढची मोडायची वेळ लवकर येते. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवणं फार कठीण.

आमच्याच मजल्यावरच्या एका कुटुंबाने त्या वर्षी दोन टक्के जास्त मिळतात म्हणून सगळे पैसे एका पतसंस्थेत ठेवले. व्याज दोन वर्षं वेळेवर आलं, मग पतसंस्थेला टाळं लागलं. त्या काकू पुढे कित्येक वर्षं पावत्यांची पिशवी घेऊन निबंधकांच्या कार्यालयात हेलपाटे घालत होत्या. म्हणून हे स्पष्ट सांगते. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. १९९३ पासून ते माणशी, एका बँकेपुरतं १ लाखाचं होतं, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचं झालं. त्यात व्याजही धरलं जातं. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. म्हातारपणाचे पैसे पतसंस्थेत ठेवू नका, चालवणारा ओळखीचा असला तरी नाही. ओळखीचा असला तर जास्तच जपा.

२०१० मध्ये मी ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले होते, त्यामुळे हातात महागाई भत्त्यासकट साडेअकरा हजारांच्या आसपास पडायचे. मैत्रिणी म्हणायच्या, एवढ्यात कसं भागायचं? आज तीच पेन्शन ४३ हजारांच्या वर आहे. दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता चढत गेला, सातव्या वेतन आयोगाने मूळ पेन्शन वाढवली, विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू झाला. मी काय केलं? दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला दिला, एवढंच. ह्यांना भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून पेन्शन मिळते ती तेराशे रुपयांच्या आत-बाहेर. सुरू झाली तेव्हा जेवढी होती तेवढीच आज आहे, कारण तिला महागाई भत्ता नाही.

एकाच घरात, एकाच कपाटात ही दोन पासबुकं आहेत. २००० मध्ये ह्यांचे १४ लाख म्हणजे डोंगर वाटायचा आणि माझी शाळामास्तरकी म्हणजे गरिबी. निवृत्तीनंतर किती पैसे लागतात असं मला कोणी विचारलं की मी आधी या दोन पासबुकांतले आकडे सांगते. रक्कम मोठी आहे का यापेक्षा महिन्याला येणारा पैसा महागाईबरोबर चढतो का, हे बघायला हवं. तो चढत नसेल तर चढवण्याची तजवीज आपली आपण करायची असते.

आणि ती आता बहुतेकांना करावी लागणार आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सेवेत लागलेल्यांना माझ्यासारखी जुनी पेन्शन आपोआप मिळत नाही. खासगी नोकरीत तर ती कधीच नव्हती. माझी भाची हिंजवडीत आयटीत आहे, पगार लाखांत आहे. तिला वाटायचं, पीएफबरोबर पेन्शनही कापली जातेच की. मी तिला कागदावर मांडून दाखवलं. पीएफच्या या पेन्शन योजनेत बहुतेकांची पेन्शन १५ हजारांच्या पगारावरच धरली जाते. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. ३५ वर्षं नोकरी केली तरी साडेसात हजारांच्या आसपास. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती.

आता हिशेब कसा मांडायचा ते सांगते. आधी वर्षभराचा खर्च लिहा. महिन्याचा पुरत नाही, कारण विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, लग्नकार्यातला आहेर, दिवाळी, गावाकडची फेरी हे वर्षातून एकदाच येतं आणि तेच हिशेबातून निसटतं. माझ्या वहीत सोसायटीचा मेंटेनन्स २००१ मध्ये ४५० रुपये आहे, आज ३,२०० आहे. औषधांचा रकाना तेव्हा नव्हताच. तूरडाळ २०१५ च्या ऑक्टोबरात किलोला २०० रुपयांवर गेली होती, तेव्हाच्या पानावर मी लाल पेनाने रेघ मारून ठेवली आहे.

खर्च कळला की त्यातून पेन्शन, भाडं असं हमखास येणारं वजा करा. उरलेली तूट स्वतःच्या पैशातून भरायची असते. अमेरिकेत विल्यम बेंगन नावाच्या सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या जुन्या आकड्यांवरून असं मांडलं, की पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढले आणि पुढे महागाईइतकीच वाढ करत गेलं, तर पुंजी ३० वर्षं टिकते. म्हणजे वर्षाच्या तुटीच्या २५ पट. पण त्यातली निम्मी-अधिक पुंजी शेअर बाजारात धरली आहे आणि महागाई तिथली आहे. आपल्याकडे मी ३० ते ३३ पट धरायला सांगते. समजा, डोंबिवलीत स्वतःच्या घरात राहणाऱ्या जोडप्याचा खर्च महिना ४० हजार आहे आणि पेन्शन १५ हजार. तूट २५ हजार, वर्षाची ३ लाख. त्याच्या ३० ते ३३ पट म्हणजे ९० लाख ते १ कोटी. पेन्शन चढणारी नसेल तर त्याहूनही जास्त लागतील. राहतं घर यात धरायचं नाही, कारण ते विकून भाजी आणता येत नाही. ज्याचा खर्च २० हजार आहे त्याने दुसऱ्याचा एक कोटी ऐकून घाबरायचं कारण नाही. ज्याचा लाख आहे त्याने एक कोटीवर निर्धास्त राहायचं नाही.

एवढा भर महागाईवर का, तेही आकड्यांतच पाहा. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की किती वर्षांत खर्च दुप्पट होतो ते कळतं. ६ टक्क्यांनी १२ वर्षं. साठीला ४० हजार लागत असतील तर बहात्तरीला ८० हजार.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज माणशी ३० लाख ठेवता येतात आणि २०२३ पासून ८.२ टक्के मिळतात. सरकारी योजना आहे, चांगली आहे, जरूर घ्या. तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. हे सगळे खर्चायचे असं आपण धरून चालतो. पण ६ टक्के महागाईत त्या ३० लाखांची आजची किंमत टिकवायची तर वर्षाला १,८०,००० रुपये परत मुद्दलात घालायला हवेत. वर्षाचं व्याज २,४६,०००. उरले ६६,०००, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार. कर त्यातूनच. व्याज म्हणून आलेल्या पैशातला मोठा भाग खरं तर मुद्दलाची झीज भरायला आलेला असतो. २००० मध्ये आमच्या हातात पडणाऱ्या साडेबारा हजारांतलेही निम्मे खर्चायचे नव्हते. हे सांगणारं तेव्हा कोणी भेटलं नाही, म्हणून मी आता भेटेल त्याला सांगते. उतारवयात मुद्दल वापरू नये असं माझं म्हणणं नाही. ते आपल्यासाठीच साठवलेलं असतं. फक्त आपण व्याज खातोय की मुद्दल, हे दरवर्षी माहीत असावं.

साठी आणि पंच्याहत्तरीतलं अंतर मोठं आहे, म्हणून सगळेच पैसे पावत्यांत ठेवू नका. पुढची सात-आठ वर्षं लागणार नाही असा काही भाग म्युच्युअल फंडातून शेअर बाजारात राहू दे. बाजार पडला की विकावं लागू नये म्हणून दोन-तीन वर्षांच्या खर्चाइतके पैसे बँकेत वेगळे हवेतच. त्या पैशांना मी वर्षानुवर्षं हात लावलेला नाही. मला आज कशामुळे श्रीमंत वाटत असेल तर त्या एका खात्यामुळे. ते पाठीशी होतं, म्हणून कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती तेव्हा मला कुणाला विचारावं लागलं नाही.

आजारपण हा वेगळा विषय आहे. नोकरी सुटली की कंपनीचा विमाही सुटतो, आणि तोवर साखर, रक्तदाब लागलेलं असतं. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, ती नोकरीतच संपवा. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न घालता ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ते कार्ड काढून ठेवा आणि आपल्या भागातलं कोणतं रुग्णालय त्यात आहे हे बरं असतानाच विचारून या.

राहिलं घर. मुलांवर जीव असतो, म्हणून जिवंतपणी बक्षीसपत्र करून देणारे आईबाप मी जवळून पाहिलेत. त्यांतल्या काहींना पुढे आपल्याच घरात कोपरा मागावा लागला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली असं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण सांभाळ करण्याची अट त्यात लेखी असली तर ते सोपं जातं. त्यापेक्षा मृत्युपत्र करा. आमचं घर दोघांच्या नावावर आहे आणि तसंच राहील, हे आम्ही मुलांना समोर बसवून सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, कागद कुठे ठेवलेत तेवढं मात्र सांगून ठेव." खाती, पावत्या, नॉमिनी म्हणून कुणाची नावं दिलीत, विमा, मृत्युपत्राची प्रत कुणाकडे आहे, हे सगळं मी खर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून ठेवलंय आणि दर दिवाळीत ते ताजं करते.