जुनी स्प्रिंग घेऊ नका

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात पेण-रोहा रस्त्यावर गाड्यांना उसंत नसते. जोहे-हमरापूरच्या मूर्ती भरून निघालेली एक ओम्नी नागोठणं सोडून भिसे खिंड चढताना खाडकन आवाज करून बंद पडली. मूर्ती दुसऱ्या टेम्पोने रोह्याला गेल्या, गाडी टोचन लावून माझ्या गॅरेजात आली. हेड उतरवलं, तर एका सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटलेली, व्हॉल्व्हचं लॉक निसटलेलं आणि व्हॉल्व्ह आत पडून पिस्टन व हेडच्या मध्ये ठेचलेला. मालकाने काही महिन्यांपूर्वीच जुन्या मालातून सुटे भाग आणून दुसरीकडे हेडचं काम करून घेतलं होतं. "दादा, स्प्रिंगा तर नव्यासारख्या काळ्याभोर होत्या हो," तो सारखा म्हणत होता. गंज तारेच्या ब्रशने घासून त्यावर रंग मारलेला होता. तुटलेल्या जागी गंजाने पडलेली बारीक खळी स्पष्ट दिसत होती.

आमच्या भागात हे जास्त होतं. धरमतर खाडीची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि भंगारात उघड्यावर पडलेली इंजिनं. पत्र्यावरचा गंज घासून रंग मारला की भागतं, स्प्रिंगचं तसं नाही. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेतं तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅम २,००० घेतो, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग सेकंदाला ३३ वेळा दाबली जाते. गंज काढला तरी खळी राहतेच. तिच्यातून चीर सुरू होते आणि दाबागणिक पुढे सरकते. म्हणून स्प्रिंग, लॉक, व्हॉल्व्हचे ऑइल सील आणि टायमिंग बेल्ट या वस्तू मी कोणालाही जुन्या घेऊ देत नाही. त्यात वाचलेले पैसे पिस्टनच्या एका खर्चात जातात.

कॅमशाफ्ट आणि रॉकर मात्र जुने चालतात, पण एकाच इंजिनातले. कॅम आणि रॉकर वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून एकमेकांच्या मापाचे झालेले असतात. एका इंजिनाचा कॅम आणि दुसऱ्याचे रॉकर जुळवले, तर दोन्ही झपाट्याने खाल्ले जातात. त्यामुळे सुट्या ढिगातून निवडू नका. अख्खं हेड घ्या आणि ते तुमच्यासमोर उघडायला लावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत जाणार असाल तर मायक्रोमीटर सोबत न्या. दुकानदार उघडू देत नसेल, तर रिकाम्या हाताने परत या. हेड कोणत्या गाडीचं आहे ते पावतीवर लिहून घ्या, कारण चोरीच्या गाड्यांचे भागही याच बाजारात फिरतात.

आपलं इंजिन कोणतं ते आधी नीट ओळखा. ओम्नी आणि मारुती ८०० यांचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. पण मारुती ८०० मध्ये ६ व्हॉल्व्हचं आणि २००० साली आलेलं १२ व्हॉल्व्हचं अशी दोन्ही इंजिनं आली, आणि एकाचा कॅम दुसऱ्यात चालत नाही. काढलेला कॅम पिशवीत घेऊनच दुकानात जा.

कॅमच्या प्रत्येक उंचवट्याच्या टोकावरून नख फिरवा. नख अडकलं, बारीक खड्डे दिसले किंवा तापून निळसर झाक आली असेल, तर तो कॅम तिथेच ठेवा. मग इनटेकचे उंचवटे मोजून एकमेकांशी ताडा, एक्झॉस्टचे वेगळे. ०.१ मिमीचा फरक आला तरी मी नाही म्हणतो. कॅम हेडमध्ये जिथे फिरतो, त्या गोल भागांवर रेघा नकोत. हेड ॲल्युमिनियमचं असतं, रेघांचा कॅम ते खाऊन टाकतो. रॉकरच्या शाफ्टचा खालचा भाग बोटाने चाचपा, झीज तिथेच होते. वरून तो गुळगुळीत लागतो आणि माणूस फसतो. शाफ्टची तेलाची भोकं जुन्या तेलाच्या गाळाने बुजलेली असतील, तर त्यावरचे रॉकर कोरडे चालले आहेत असं समजा.

नवा व्हॉल्व्ह मिळतच नसेल आणि जुना घ्यावा लागला, तर त्याची दांडी काचेवर लोळवून पाहा, वाकडी असेल तर डगमगते. कडा सुरीसारखी पातळ झालेली असेल तर घेऊ नका, ती जळणारच. लॉक बसतं ती खाचही पाहा.

हेड बसवल्यावर थंड इंजिनावर टॅपेटची फट कंपनीच्या मापाने सेट करा, आणि काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा फिलर गेज लावा. नवी जोडणी बसत जाते तशी फट बदलते. टॅपेट वाजले तर लोक धावत गॅरेजात येतात. पण अजिबात आवाज नसेल तरीही या, कारण फटच उरली नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही आणि काही दिवसांत जळतो.